सासूबाईंची पेस्टल चित्रं: क्लास लावावा की आहे तसं चालू द्यावं? (नाशिक)

इंदिरानगरची_सून

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझ्या सासूबाई पोस्टातून रिटायर झाल्या आणि नातवाच्या दप्तरातले उरलेसुरले ऑइल पेस्टल घेऊन बसायला लागल्या. आधी आम्हाला वाटलं टाइमपास आहे, होईल महिनाभरात बंद, पण आता परिस्थिती अशी आहे की बेडरूमचं अर्धं कपाट चित्रांनी भरलंय आणि साड्या दिवाणात गेल्यात. कुठेही शिकलेल्या नाहीत. लहानपणी एलिमेंट्रीला बसायचं होतं, पण रंगपेटीचा खर्च कशाला म्हणून घरच्यांनी बसू दिलं नाही, एवढाच काय तो चित्रकलेशी संबंध. मग यूट्यूब बघत बघत स्वतःच सॉफ्ट पेस्टलवर, म्हणजे कोरड्या भुसभुशीत खडूंवर आल्या.

चित्रं फक्त बायकांची काढतात. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातल्या भाजीवाल्या, रामकुंडावर ओल्या साडीने पायऱ्या चढणाऱ्या, दिंडोरीकडे द्राक्षबागेत डोक्याला रुमाल गुंडाळून थिनिंग (घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढणं) करणाऱ्या. आणि रंग म्हणजे विचारू नका. गालावर जांभळा, हनुवटीखाली हिरवा, कपाळावर सरळ केशरी. जवळून बघितलं तर नुसत्या रेघोट्या आणि चार पावलं मागे गेलं की बाई तुमच्याकडे रोखून बघतेय असं वाटतं. मला चित्रातलं काही कळत नाही पण मला जाम आवडतात.

तर झालं असं की नात्यातल्या एकांनी त्यांच्या ओळखीचे एक आर्टिस्ट घरी आणले. त्यांनी सगळं बघितलं, चहा घेतला आणि म्हणाले की रंगांचा सेन्स आहे पण बेसिकच नाही, चेहरे असे निळेजांभळे चालत नाहीत, वर्षभर फक्त पेन्सिल करा मग रंगांचं बघू. त्या दिवसापासून आईंनी खोकं माळ्यावर टाकलंय. विचारलं की म्हणतात, "बघू गं, आता जरा कंटाळा आलाय." कंटाळा वगैरे काही नाही, मनाला लागलंय.

विचारायचं असं की खरंच क्लास लावायला हवा का आणि लावला तर कसला? दुसरं, चित्रांवरून पावडर गळते. एकावर फिक्सेटिव्ह (पावडर धरून ठेवणारा स्प्रे) मारला तर रंग मेल्यासारखे झाले, मग बाकीच्यांचं काय करायचं? आणि डिसेंबरच्या आसपास छोटं प्रदर्शन करावं असं माझ्या डोक्यात आहे, त्यांना अजून सांगितलं नाहीये. तीन फोटो टाकलेत, बघून स्पष्ट सांगा.

रंगखडू

पहिले ते खोकं माळ्यावरून खाली काढा. सॉफ्ट पेस्टल ठिसूळ असतात, माळ्यावर कोणी त्यावर परात नाहीतर पाटा ठेवला तर भुगा होईल. भुगा झालाच तरी फेकू नका, खलात बारीक करून डिस्टिल्ड वॉटरचे थेंब टाकून पुन्हा कांड्या वळता येतात, पेपरवर एकदोन दिवस वाळवायच्या.

आता ते निळंजांभळं. फोटो नंबर दोन, पिवळ्या साडीतली भाजीवाली. तिच्या हनुवटीखाली जो पिवळा-हिरवा लावलाय ना, तो मनाने लावलेला नाहीये हो. उन्हात पिवळी साडी नेसलेली बाई उभी राहिली की साडीचा उजेड खालून तिच्या गळ्यावर पडतो, सावलीतल्या गव्हाळ कातडीवर तो पिवळा पडला की हिरवट दिसतो. हे आईंनी बाजारात उभं राहून बघितलंय म्हणून आलं, मोबाईलचा कॅमेरा हे अर्धं खाऊन टाकतो. आणि गव्हाळ किंवा सावळ्या रंगाची सावली काळ्या खडूने केली की चेहऱ्याला काजळी लागल्यासारखी दिसते, तिथे जांभळा नाहीतर मळकट हिरवाच लागतो. ज्यांनी चालत नाही म्हणून सांगितलं ते पेस्टलवाले नसावेत एवढंच बोलतो, जास्त बोलत नाही.

पावडरचं असं आहे की कागदाला दात लागतात, म्हणजे खरखरीतपणा. साध्या ड्रॉइंग शीटवर दोन थर बसतात, तिसरा घसरतो आणि तोच गळतो. कॅन्सनचा मी-तांत नावाचा रंगीत कागद मिळतो १६० जीएसएमचा, एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि दुसरी बाजू जरा शांत असते. चेहऱ्यासाठी बरेच जण शांत बाजू वापरतात, नाहीतर गालावर जाळी दिसते. सरावाला हार्डवेअरच्या दुकानातला बारीक पॉलिश पेपर पण चालतो, त्यावर थर मस्त बसतात, फक्त विकायच्या चित्राला तो नको, मागचा कागद काही वर्षांत पिवळा पडून तडकतो. आणि पांढऱ्या कागदावर काढत असतील तर खाकी, करडा किंवा विटकरी कागद देऊन बघा, अर्धं काम कागदच करतो.

फिक्सेटिव्हने रंग गडद होतात, त्यातही फिकट रंग आधी जातात, ते तसंच असतं, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. उपाय म्हणजे शेवटी मारायचाच नाही. मधल्या थरावर हात लांब करून हलका फवारा, वाळू द्यायचा, मग वरचे उजेडाचे फटकारे मारायचे आणि ते तसेच मोकळे सोडायचे. फ्रेंच चित्रकार देगासुद्धा थरांमध्ये फिक्सेटिव्ह मारतच काम करायचा. चित्र झालं की बोर्डाला मागून दोन टिचक्या मारायच्या, जे गळायचं ते तिथेच गळू दे.

अजून एक, फुंकर मारून पावडर उडवत असतील तर ताबडतोब बंद करायला सांगा. काही रंगांत कॅडमियम वगैरे असतं आणि ती धूळ घरभर फिरते, त्यात घरात लहान मूल. बोर्ड थोडा पुढे झुकता ठेवायचा, खाली पेपरची पन्हाळ करायची, झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू नाही. मास्क लावला तर उत्तमच. मळलेले खडू रव्यात घोळवले की स्वच्छ होतात, तो रवा मात्र लगेच टाकून द्या, सासूबाईंच्या पिढीला वाया गेलेला बघवत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय.

काठावरचा

सगळे छान छान म्हणणार हे माहीत होतं म्हणून मी उलटं बोलतो. हल्ली "सेल्फ टॉट" असं लिहिलं की सगळं माफ होतं. नाक वाकडं? सेल्फ टॉट. मान खांद्यात घुसलीय? सेल्फ टॉट. घरात आनंद म्हणून करताय तर बिनधास्त करा, कोणाच्या बापाचं काय जातंय, पण प्रदर्शन लावून किंमत लावायची म्हटल्यावर बघणारा बोलणारच. त्या गृहस्थांची पद्धत चुकली असेल पण बेसिक नाही हे मला फोटोत दिसतंय. राग मानू नका.

इंदिरानगरची_सून

राग नाही मानला, स्पष्ट सांगा मीच म्हटलं होतं. पण बेसिक नाही म्हणजे नक्की काय दिसतंय ते सांगाल का? कारण सगळे एवढंच बोलून थांबतात आणि मग आईंना जाऊन मी काय सांगू.

@रंगखडू, फुंकर मारतात हो! आजच सांगते. कागद पांढराच वापरतात, करड्या कागदाचं कधी सुचलंच नाही.

जुना_मास्तर

ताई, मी सांगतो काय दिसतंय. सदतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, ग्रेड परीक्षेची पोरं बसवली, त्यामुळे डोळा आपोआप तिथेच जातो.

तिन्ही फोटो समोर ठेवा आणि हात शोधा. पहिल्यात बाईचे हात पाटीच्या मागे. दुसऱ्यात एक पदराखाली आणि दुसरा चित्राच्या चौकटीबाहेर. तिसऱ्यात द्राक्षाच्या पानांत गुडूप, बाई थिनिंग करतेय आणि कात्री कुठेय? हात अवघड जातात म्हणून त्या हुशारीने लपवतात. लपवतातही झकास, मांडणी कुठेच बिघडलेली नाही, उलट तो पदर घ्यायची जागा बघा, चांगल्या चांगल्यांना सुचणार नाही. पण बाजारातली बाई तिच्या हातांशिवाय अर्धीच ना. जुडी बांधताना, वजन करताना, सुट्टे मोजताना हातच बोलतात. मला आईंच्या चित्रात तेवढंच कमी वाटलं, रंगात एका कणाचीही कमी नाही.

वर्षभर पेन्सिल हा सल्ला मी देणार नाही. साठीच्या पुढच्या माणसाला पेन्सिल आणि खोडरबर देऊन ठोकळे काढायला बसवलं तर तो दुसऱ्या महिन्यात भजनी मंडळ जॉइन करतो. हात खडूनेच शिकायचे. खाकी कागद घ्या, दोनच खडू, एक गडद तपकिरी आणि एक फिका. समोर कोणीतरी मेथी निवडत बसवा. आधी पंजा एक चपटा चौकोन समजून फक्त त्याचा कल पकडायचा, बोटं सुटी सुटी मोजत बसायची नाहीत, ती एका गठ्ठ्यात काढायची आणि उजेड जिथे फोडतो तिथेच फोडायची. नखं शेवटी, शक्यतो नाहीच. रोज थोडा वेळ. डाव्या हाताचं मॉडेल तर कायम सोबत असतंच.

क्लास लावायचाच असेल तर आधी एकदा जाऊन नुसतं बसून या. तिथल्या सगळ्या विद्यार्थ्यांची चित्रं सारखी दिसत असतील तर चप्पल घालून परत या. लाइफ ड्रॉइंगसारखं, म्हणजे समोर माणूस बसवून काढायचं काही असेल तर ते घ्या.

आपल्याकडे अजून एक आहे, नाशिकचा घाट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत जलरंगच बसलेत, शिवाजी तुपे सरांनी ते करूनच ठेवलंय. ओला, पारदर्शक, धुक्यातला घाट. त्यामुळे कोणी भडक घाट काढला की आधी बिचकायला होतं. पण भर दुपारी बाजारात गेलात तर घाट काय धुक्यात असतो का? लाल मिरच्या, प्लास्टिकच्या निळ्या ताडपत्र्या, वर ऊन. आईंनी तो दुपारचा घाट पकडलाय.

काठावरचा

मास्तर, हाताचं बरोबर पकडलंत, मी मानेबद्दल बोलत होतो पण हात जास्त महत्त्वाचे आहेत हे मान्य. तरी माझा मुद्दा तोच, स्वतः शिकलो हे चित्राच्या खाली लिहायची गरज काय?

पैठणीवेडी

मी येवल्याची, माहेरी माग होते, त्यामुळे मी फक्त तिसऱ्या फोटोतल्या रुमालावर बोलणार. ती बाग-कामाला आलेली बाई आहे पण तिच्या रुमालाला जो मोरपंखी दिलाय तो बघा झूम करून. निळा आणि हिरवा मिसळलेला नाहीये, निळ्या रेघा उभ्या आणि हिरव्या आडव्या टाकल्यात आणि मिसळायचं काम आपल्या डोळ्यावर सोडलंय. पैठणीचा मोरपंखी अगदी असाच होतो, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून साडी हलली की रंग बदलतो. बोटाने घासून दोन्ही एकजीव केले असते तर तिथे नुसता मळका हिरवट आला असता. हे त्यांना कोणी शिकवलं विचारा बरं. आणि कृपा करून कोणी क्लासमध्ये त्यांना बोटाने घासून गुळगुळीत करायला शिकवू नका.

त्यांना म्हणावं एकदा पैठणीच काढा, पदरावरचा मुनिया आणि नारळी काठासकट, मी पहिली गिऱ्हाईक.

उपनगरवाली

@काठावरचा, लिहायची गरज आहे की नाही माहीत नाही, पण स्वतः शिकलेल्या बायका चित्रकलेत आधीपासून आहेत म्हणून दोन नावं सांगते, सासूबाईंना यांची चित्रं मोबाईलवर दाखवा.

एक सुझान व्हालादाँ, फ्रान्सची, जन्म १८६५. आई कपडे धुवायची कामं करायची, ही सर्कशीत कसरती करायची, तिथून पडली आणि मग पॅरिसमध्ये चित्रकारांची मॉडेल झाली. रन्वार, तुलूज-लोत्रेक यांच्यासमोर बसायची आणि बसल्या बसल्या ते कसं काढतात ते बघायची, शाळा-कॉलेज काही नाही. १८८३ मध्ये तिने स्वतःचं पोर्ट्रेट केलं ते पेस्टलमध्ये, तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची. चेहरा गोड करायचा अजिबात प्रयत्न नाही, सरळ तुमच्याकडे बघतेय. पुढे देगाने तिची ड्रॉइंग विकत घेतली, १८९४ मध्ये सोसिएते नास्योनाल दे बोझार या संस्थेच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. नंतरची चित्रं तैलरंगातली आहेत, बायकांचीच, जाड गडद बाह्यरेषा आणि आत रंगांची मारामारी. मास्तरांचा मुद्दा पण हिच्याकडे बघून पटतो, कारण स्वतः शिकली तरी ड्रॉइंग लोखंडासारखं पक्कं होतं, हातबित लपवलेले नाहीत.

दुसऱ्या आपल्या बंगालच्या सुनयनी देवी, जन्म १८७५, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकुरांची बहीण. भावांना शिकवायला मास्तर, हिला नाही. संसार सांभाळून तिशीच्या सुमारास काढायला लागल्या, त्यातही बायकाच जास्त, लांबट मोठ्या डोळ्यांच्या. माध्यम जलरंग, पेस्टल नाही, पण १९२२ मध्ये कोलकात्यात बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं त्यात भारतीयांच्या चित्रांमध्ये यांचीही होती.

आणि शिकलेल्या बाईचं बघायचं असेल तर बी. प्रभा. नागपूरला आणि मग मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलला शिकल्या, मासेवाल्या कोळणी काढल्या, लांबच लांब माना आणि अख्खं चित्र एकाच रंगात बुडवलेलं. काठावरचे, त्या माना पण "बेसिक"मध्ये बसत नाहीत बरं का.

काठावरचा

😄 घ्या, मान कापली माझी. पण बी. प्रभांना साधी मान काढता येत होती म्हणून त्यांनी लांब काढली, इथे तसं आहे का एवढंच विचारतोय. बाकी व्हालादाँचं पोर्ट्रेट आत्ता बघितलं, खतरनाक आहे.

फ्रेमवाला_सिडको

प्रदर्शनाचं कोणी बोललंच नाही म्हणून मी बोलतो, धंदाच आहे.

पेस्टलला काच लागतेच, आणि काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) नाहीतर फ्रेमच्या आत पट्टी टाकून पाचएक मिलिमीटर गॅप ठेवायला सांगा. काही जण माउंटच्या मागे अजून एक लपलेली पट्टी टाकतात म्हणजे गळलेली पावडर माउंटवर न दिसता मागे पडते, ते जास्त चांगलं. हलकी पडते म्हणून ॲक्रेलिकची शीट कोणी सुचवली तर नको म्हणा, पुसली की तिच्यात स्टॅटिक तयार होतं आणि खडूची पावडर चित्रावरून उठून शीटला चिकटते. एका कस्टमरने हट्टाने लावून घेतली होती, महिन्याभरात बाईचा अर्धा चेहरा शीटवर.

दुसरं म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंती घाम गाळतात, खासकरून पावसाच्या माऱ्याच्या बाजूची भिंत. पेस्टलमध्ये डिंक असतो थोडा आणि कागद तर आहेच, बुरशी लगेच पकडते, गडद रंगावर पांढरे ठिपके दिसायला लागले तर समजायचं. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळते. आणि ते कपाट भिंतीतलं असेल तर चित्रं तिथून आत्ताच काढा. फ्रेम न केलेली चित्रं आडवी, प्रत्येकामध्ये बटर पेपर, वर काही वजन नको.

जागेचं म्हणाल तर कुसुमाग्रज स्मारकात चित्रप्रदर्शनं लागतात, तिथे जाऊन चौकशी करा, लोक सहज फिरत फिरत येतात म्हणून पहिल्या प्रदर्शनाला बरं. तारखा लवकर भरतात, डिसेंबर हवा असेल तर आत्ताच विचारा. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीचं स्वप्न असेल तर ते पण बघा, पण तिथे नंबर लागायला वर्षं जातात. सगळी चित्रं एका मापात बसतील अशा दोनतीन साइझ ठरवा, पुढच्या वेळेस त्याच फ्रेम वापरता येतात, नाहीतर प्रदर्शनाचा सगळा खर्च फ्रेममध्येच जातो हे मी फ्रेमवाला असून सांगतोय.

इंदिरानगरची_सून

किती लिहिलंत सगळ्यांनी, खरंच थँक्यू. काल रात्री जेवण झाल्यावर सगळं वाचून दाखवलं. हाताचं वाचलं तेव्हा आई एकदम हसल्या आणि म्हणाल्या, "पकडलं बाई मास्तरांनी." पैठणीवेडी ताई, रुमालाचं विचारलं, तर म्हणतात निळा खडू संपत आला होता म्हणून मध्ये मध्ये हिरवा ओढला 😄 आता यात किती खरं ते त्यांनाच माहीत.

खोकं खाली आलंय. भिंतीतल्या कपाटातून चित्रं काढली, दोनवर खरंच ठिपके आहेत, फ्रेमवाले दादा त्याचं काय करायचं ते सांगा प्लीज. प्रदर्शनाचं अजून बोलले नाही, मिस्टर म्हणतात आधी स्मारकात चौकशी करून ये मग सांगू. आणि एक शंका, बाजारातल्या बायकांचे फोटो काढून त्यावरून चित्र करतात, ते प्रदर्शनात लावलं तर चालतं का?

फ्रेमवाला_सिडको

ठिपक्यांना ओलं फडकं अजिबात लावू नका, पसरेल. ती दोन चित्रं बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, कोरड्या खोलीत पंख्याच्या थेट झोताखाली नाही पण हवेशीर जागी दोनतीन दिवस पूर्ण सुकू द्या. मग तोंडाला मास्क लावून, गॅलरीत जाऊन, मऊ कोरड्या ब्रशने ठिपका वरच्या वर उचलायचा, घासायचा नाही. तेवढा रंग जाईल, तिथे आई पुन्हा खडू लावतील. फ्रेम करायची घाई करू नका, ओल आत कोंडली की परत येते.

जुना_मास्तर

स्वतः काढलेल्या फोटोवरून चालतं. इंटरनेटवरून उचललेला फोटो असेल तर नको, तो कोणाचा तरी असतो, स्पर्धेत तर थेट बाद करतात. बाजारातल्या ताईंना मात्र विचारूनच फोटो काढा आणि चित्र झालं की त्याचा एक प्रिंट नेऊन द्या. पुढच्या वेळी त्या स्वतःच नीट पोज देतील, आणि हात समोर ठेवा म्हणून सांगता येईल.